नळ दुरुस्त करायला आलेल्या काकांना

प्लंबर काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचा नंबर जुन्या फोनबरोबर गेला आणि नाव मी कधी विचारलंच नाही, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. मी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या पीजीतली ती मुलगी. तुम्ही बेसिनखाली अर्धे शिरला होतात आणि मी फोनवर एजंटशी हुज्जत घालत होते. फोटो आवडले ना, मग आजच टोकन पाठवा, घर नंतर बघा, असा त्याचा धोशा. तुम्ही आतूनच म्हणालात, "कुलूप उघडून आत पाय ठेवल्याशिवाय एक पैसा द्यायचा नाही, पोरी."

मग तीन रविवार माझ्याबरोबर घरं बघत हिंडलात. का, ते मला आजही उमगलेलं नाही.

पहिल्या घराला नुकताच रंग दिला होता. मी खूश. तुम्ही मात्र सरळ बाथरूमला लागून असलेल्या भिंतीशी बसलात आणि जमिनीजवळ हात फिरवलात. बोटांना पांढरी पूड लागली. भिंतीत मुरलेलं पाणी आतले क्षार घेऊन बाहेर येतं, पाणी सुकतं, क्षार तिथेच राहतात. "रंग नवा आहे, ओल जुनी आहे," एवढं बोलून तुम्ही चपला घातल्यात.

दुसरं घर स्वस्त होतं, पण फार लांब. मी भाड्याच्याच आकड्यावर भाळले होते. तुम्ही जिन्यातच हिशेब मांडलात: जायला दीड तास, यायला दीड तास, महिन्याचे 25 दिवस धरले तर 75 तास नुसते प्रवासात. वर तिकिटाचे पैसे आणि सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा. सगळं मिळवल्यावर ते घर जवळच्यापेक्षा महाग निघालं. शाळेत गणितात मी बरी होते, म्हणून जरा लाजच वाटली.

तिसऱ्या घराच्या दारातूनच मी परत फिरले होते. गटाराचा असा भपकारा, की नाकाला ओढणी लावली. तुम्ही मात्र आत गेलात, मालकीणबाईंना विचारलंत, घर किती दिवस बंद आहे? दोन महिने. मग बादलीभर पाणी मागवून बाथरूमच्या जाळीत ओतलंत, खिडक्या उघडल्यात आणि मला कट्ट्यावर बसवलंत. जाळीखालच्या वाकड्या पाइपात थोडं पाणी कायम साठलेलं असतं, तेच गटाराचा वास अडवून धरतं. घर बंद राहिलं की ते सुकून जातं. अर्ध्या तासाने परत गेलो, तर वास जवळजवळ गेलेला. त्या वासापायी आधीची माणसं उंबऱ्यावरूनच पळाली होती. घर रिकामं ठेवून मालकीणबाईही कंटाळल्या होत्या, त्यामुळे भाडं कमी करायला त्यांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. वासाचं कारण तुम्ही त्यांना भाडं ठरण्याआधीच सांगितलंत. तेव्हा मला तुमचा थोडा राग आला होता, आता नाही.

करारनाम्यात काय बघायचं तेही तुम्हीच सांगितलंत. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, नोटीस किती महिन्यांची, दुरुस्ती कोणाच्या खिशातून, हे सगळं कागदावर आलं. पहिल्या दिवशी विजेच्या मीटरचा आणि जुन्या ओरखड्यांचा फोटो काढून मालकीणबाईंना पाठवला. स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाचा वायसर तुम्ही बदललात आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत.

त्याच घरात राहतेय अजून. बरेच दिवस बाहेरगावी जाऊन आले, की बॅग ठेवायच्या आधी बाथरूमच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतते. शेजारच्या काकूंना वाटतं, हा माझा कसला तरी नेम आहे. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची