कडी लावायला कुणी शिकवलं?

विश्रामबाग, सांगली

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

वरची खोली भाड्यानं देताना आडनाव कशाला विचारता, या तुझ्या प्रश्नावर मी "अनुभव आहे आमचा" म्हणून विषय मिटवला होता. पण तो अनुभव नेमका कुठला, हे आता सावकाश बघतोय.

माझी सगळी नोकरी पतसंस्थेच्या कर्ज विभागात गेली. अर्ज समोर आला की नजर आधी आडनावावर, मग गावावर, मग जामीनदारावर, सातबारा त्यानंतर. गंमत म्हणजे मार्चअखेरची थकबाकीची यादीही मीच काढायचो. वरची नावं कुणाची? बागायतदारांची, वाडेवाल्यांची, ज्यांना चहा पाजून कर्ज दिलेलं असायचं त्यांची. हातगाडीवाल्याच्या हप्त्यासाठी वसुलीची जीप काढल्याचं मला तरी आठवत नाही. म्हणजे अनुभव कागदावर ढळढळीत होता, आणि नजर मात्र दुसरीकडूनच शिकून आलेली.

एक धागा थेट आज्जीपाशी जातो. गावाबाहेर पालं पडली की ती म्हणायची, "पारधी आल्यात, कडी लाव." आपल्या घरी कधी कुणा पारध्यानं चोरी केली होती का, असं मी तिला विचारलं होतं. नव्हती. मग तिच्या मनात हे भरवलं कुणी? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या दुरुस्तीनं तो देशभर लावायची सोय केली. चोरी केली की नाही हा प्रश्नच नव्हता, त्या जमातीत जन्मलास एवढं पुरे. हजेरी द्यायची, मुक्काम हलवायचा तर परवानगी काढायची. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. ज्याची हजेरी सरकार घेतं तो चोरच असणार, असं गावानं धरलं. गावानं तरी दुसरं काय धरावं? ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. माझा जन्म त्यानंतरचा, हजेरी मी कधी पाहिली नाही. तरी रस्त्याकडेला पालं दिसली की माझा हात आजही गाडीच्या लॉककडे जातो.

आणि याच जिल्ह्यात, आटपाडीजवळ, औंध संस्थानानं १९३९ साली स्वतंत्रपूर वसवलं. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची ती कल्पना. शिक्षा झालेले कैदी तिथं भिंतीशिवाय, बायकापोरांसकट, शेती करून राहिले. हे सगळं आज्जीच्या हयातीतलं. पण ही बातमी तिच्या चुलीपर्यंत पोचली नाही, कडीची पोचली.

सगळेच ग्रह असे हवेतले नसतात हेही सांगतो. तुझ्या आत्याला आटपाडीकडचं स्थळ आलं, तेव्हा "पोरगी काय घागरी वाहायला द्यायची?" म्हणून आजोबांनी परत पाठवलं. तेव्हा ते खरंही होतं, तिकडं पाण्याचे हालच होते. पुढं टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी उपसून तिकडं नेलं, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. उलट २०१९ च्या महापुरात नदीकाठच्या आपल्याच पाहुण्यांना होडीतून बाहेर काढावं लागलं. तरी सोयरिकीची बोलणी निघाली की तेच पाहुणे आटपाडी म्हटल्यावर नाक मुरडतात. कारण संपलं तरी ग्रह चालूच राहतो. त्याला कुणी निवृत्तीची तारीख दिलेली नसते.

खोलीच्या पाटीवर आता भाडं, डिपॉझिट आणि पाण्याची वेळ एवढंच आहे. आडनाव व्यवहार ठरल्यावर पोलिसांच्या फॉर्मवर येईलच. तुझ्या आईला हे पटलेलं नाही, तिच्याशी तूच बोल.

आता तुझ्याकडं वळतो. तू जात विचारत नाहीस, मान्य. पण ऑफिसात तू मुलाखती घेतेस. दिवाळीत गावाकडचा तो पोरगा नोकरीचं विचारायला आला होता. बी.कॉम.ला चांगले मार्क, जीएसटीचं काम येणारा. तो "साळंत असताना" म्हणाला आणि तुझ्या ओठाचा एक कोपरा किंचित वर गेला. त्याच्या ते लक्षात आलं. पुढं तो जपून, अडखळत बोलायला लागला आणि चहा अर्धा ठेवून उठला. हे तुला कुठून आलं? इंग्रजी शाळेत घालताना आम्हीच पदरात बांधून दिलं, की पुण्यात गेल्यावर चिकटलं? मला खरंच उत्सुकता आहे. सवडीनं लिही. आणि त्या पोराचा नंबर आईकडं आहे.

तुझा,
बाबा