रात्री दोनला कुठे जायचं

दांडिया बाजार, वडोदरा

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

त्या रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा तू पुण्याहून फोनवर एकाच हॉस्पिटलचा धोशा लावला होतास, का तर मोबाइलवर त्याला भरपूर तारे होते. आम्ही रिक्षाने गेलो. बाबांचं वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड, पुढे केलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकी, कार्ड चालतं, पण हाडांसाठी. हृदयासाठी नाही." योजनेत हॉस्पिटल विभागवार घेतलेलं असतं, हे मला रात्री दोन वाजता कळलं. पित्त निघालं म्हणून निभावलं.

नंतर आठवडाभर मी वही घेऊन हॉस्पिटलं फिरले. बाबा म्हणाले, घरात सीबीआय आलीय.

चांगलं कोणतं, असं कुणाला विचारूच नये. सगळेच आपलं चांगलं म्हणतात. मी तीन गोष्टी विचारल्या: सीटी स्कॅन रात्री होतो का, अँजिओप्लास्टी करणारे डॉक्टर रात्री बोलावल्यावर किती वेळात पोचतात, आणि कार्ड हृदयाला आणि मेंदूला चालतं का. लकवा मारला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे बघावं लागतं. म्हणजे माणूस शेवटचा धड कधी दिसला, ती वेळ आपण सांगायची. दोन ठिकाणी सरळ उत्तरं मिळाली. एका ठिकाणी गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक मिळालं.

सयाजी हॉस्पिटलला तू नाक मुरडतोस. गर्दी आहेच, केसपेपर काढायलाच अर्धी सकाळ जाते. पण मेडिकल कॉलेज जोडलेलं असल्यामुळे डॉक्टर चोवीस तास हजर असतात. अपघात, भाजणं, साप चावणं, यासाठी मी तरी दुसरीकडे जाणार नाही.

कार्डाचे वर्षाला 5 लाख आहेत, उत्पन्न विचारत नाहीत, पण ते दाखल झाल्यावरच. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. बीपीच्या गोळ्या कॉर्पोरेशनच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, पण बाबा तिथल्या रांगेत उभे राहायला तयार नाहीत. "आपण काय गरजू आहोत?" शेवटी जनऔषधी दुकानातल्या स्वस्त गोळ्यांवर तडजोड झाली.

बाकी रोजच्या दुखण्याला आपले गल्लीतले डॉक्टर. बाबांचं बीपी ते पंधरा वर्षं बघताहेत आणि कुठे पाठवायचं हे तुझ्या ताऱ्यांपेक्षा त्यांना जास्त कळतं. रात्री ते फोन उचलत नाहीत, तेही खरं.

म्हणून असं ठरलंय. छातीत दुखलं की रिक्षा नाही, 108. ती गाडी फुकट असते आणि वाटेतच उपचार सुरू होतात. त्या दोन हॉस्पिटलांची नावं फ्रिजवर चिकटवली आहेत, किल्ली शेजारच्या बेनकडे दिली आहे. तू फोन केलास तर तिसरं नाव सांगू नकोस, रागावू नकोस. लांबून तुझा जीव टांगणीला लागतो, हे मला कळतं.

एक काम तुझ्याकडे. त्या रात्रीच्या ईसीजीचा फोटो पाठवते आहे, तो नीट सांभाळून ठेव. तो कागद काही महिन्यांत पुसट होतो, आणि पुढच्या वेळी डॉक्टर आधी जुना ईसीजीच मागतील.

तुझी,
आई