एरोबॅटिक्स माझ्याकडे शिकू नकोस

प्रिय सोनू,

पायलटचं लायसन्स हातात पडल्या पडल्या तुला एरोबॅटिक्स, म्हणजे विमानाच्या कसरती, शिकावंसं वाटलं, याचा मला मनापासून आनंद झाला. पण ते माझ्याकडे शिकू नकोस. फोनवर मी नुसतं "बघू" म्हणाले. नीट उत्तर द्यायचं तर शनिवार-रविवारी मी इन्स्ट्रक्टर म्हणून विमानात बसून नक्की काय करते, ते सांगावं लागेल.

लूप, म्हणजे आकाशात विमानाचं उभं वर्तुळ, शिकवणं हा त्यातला छोटा भाग. वेग घ्यायचा, स्टिक (विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा) ओढायची, वर पोहोचल्यावर ओढ सैल सोडायची. थोड्या सरावाने कुणालाही जमतं. (स्लो रोलची, म्हणजे विमान स्वतःच्या आसाभोवती सावकाश पूर्ण फिरवण्याची, गोष्ट वेगळी. त्यात नाक क्षितिजावर धरायला दर पाव वळणाला पायाचं आणि स्टिकचं काम बदलतं, आणि तो भल्याभल्यांचा घाम काढतो.) माझं खरं काम सुरू होतं ते विद्यार्थी चुकतो तेव्हा. लूपच्या माथ्यावर तो घाबरून स्टिक जास्त ओढतो, पंख थरथरतात, एक पाय नकळत रडरच्या (शेपटीवरच्या उभ्या पात्याच्या) पेडलवर दाबलेला असतो आणि विमान स्पिनमध्ये जातं, म्हणजे गरगर फिरत खाली पडू लागतं. तिथे मी काय करते आणि काय करत नाही, यावर तो काय शिकणार ते ठरतं.

स्टॉल, म्हणजे पंखाने विमान उचलून धरणं सोडणं, वेगामुळे होत नाही, कोनामुळे होतो, हे तू परीक्षेसाठी पाठ केलं आहेस. पंख हवेला साधारण 15-16 अंशांपेक्षा जास्त कोनात गेला की कुठल्याही वेगाला स्टॉल होतो. उंची राखून विमान 60 अंश कलवून वळण घेतलंस तर 2 जी, म्हणजे वजनाच्या दुप्पट भार, येतात आणि स्टॉलचा वेग 41 टक्क्यांनी वाढतो. सरळ उड्डाणात 50 नॉटला स्टॉल होणारं विमान तिथे 70 नॉटलाच स्टॉल होतं. उलट लूपच्या माथ्यावर वेगाचा काटा स्टॉलच्या वेगाच्या खाली असतो आणि तरी विमान शांतपणे उडत असतं, कारण त्या क्षणी आपण पंखाकडून जवळजवळ काहीच मागत नसतो. हे डोळ्यांनी पाहिल्यावर विद्यार्थ्याचा चेहरा बदलतो. आठवडाभर नोकरी करूनही मी एअरफील्डवर धावते ती यासाठी.

1912 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये विल्फ्रेड पार्क नावाचा वैमानिक स्पिनमध्ये सापडला. त्या काळी स्पिन म्हणजे मरणच समजलं जाई. त्याने आधी स्टिक ओढली, रडर वळणाच्याच दिशेने दिला. काही उपयोग झाला नाही. जमीन अगदी जवळ आल्यावर त्याने रडर पूर्ण उलट्या बाजूला दिला आणि फिरणं थांबलं. आज आपण शिकवतो त्याचा गाभा तोच: थ्रॉटल (इंजिनची ताकद) बंद, एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) मध्यावर, फिरण्याच्या उलट पूर्ण रडर, मग स्टिक पुढे. फिरणं थांबलं की रडर मध्यावर आणि सावकाश बाहेर. त्या त्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअल खरं. तोंडपाठ करायला हे सोपं आहे, पण समोरच्या काचेत फक्त जमीन दिसत असताना हात आपोआप स्टिक मागे ओढतो. ती सवय मोडण्यासाठी विद्यार्थ्याच्या पायाला स्वतः कळावं लागतं की रडर दाबला आणि विमानाचं फिरणं थांबलं.

म्हणून मी हात गुडघ्यांवर ठेवते. कुठल्या उंचीला कंट्रोल घेणार ते उड्डाणाआधीच ठरलेलं असतं. तिथपर्यंत फक्त बोलते. मी एक सेकंद आधी पेडल दाबलं, तर तो एवढंच शिकतो की मॅडम बाजूला आहेत. आणि उशीर केला तर प्रत्येक फेरीला काही शे फूट जातात. समोरच्याचा श्वास, मूठ, आवाज यांवरून हा हिशेब मी करते.

तुझ्या बाबतीत तो मला करता येणार नाही. तुझा श्वास जरा अडकला की माझा हात स्टिकवर जाईल, आणि तुझ्या वाट्याची सुटका मीच करून टाकीन. तूही माझ्याकडे बघशील.

दुसरा चांगला इन्स्ट्रक्टर शोध. "शेवटचा स्पिन किती उंचीच्या आत संपवणार?" असं विचार, उत्तर लगेच यायला हवं. जो लूपच्या आधी स्पिन शिकवेल, मळमळलं तर हट्ट न करता परत फिरेल, ब्रीफिंगला पुरेसा वेळ देईल, त्याच्याकडे जा. उतरताना बेसवरून फायनलला, म्हणजे रनवेच्या रेषेत यायच्या शेवटच्या टप्प्याला, वळताना रनवे चुकतोय म्हणून रडरने नाक ढकललं आणि वाढणारा बँक (विमानाचा कल) एलेरॉनने अडवला तर आतला पंख कसा पडतो, तेही भरपूर उंचीवर करून दाखवायला सांग. फायनलवर तेवढी उंची हाताशी नसते. माझे बहुतेक विद्यार्थी कधीच स्पर्धेत उतरणार नाहीत, पण ते वळण प्रत्येकाला रोज घ्यायचं आहे.

आणि एक निक्षून सांगते. ज्या विमानावर लायसन्स केलंस, त्यात एकटीने रोल करून बघायचा नाही. नॉर्मल कॅटेगरीचं, म्हणजे कसरतींसाठी नसलेलं, विमान 3.8 जीपर्यंतच्या भारासाठी प्रमाणित असतं, एरोबॅटिकचं 6 पर्यंत आणि उलट दिशेने 3. बिघडलेल्या रोलमधून घाईने बाहेर ओढताना हा फरक संपायला वेळ लागत नाही.

इन्स्ट्रक्टर ठरला की कळव. पहिल्या दिवशी उपाशी जाऊ नकोस, हलकं काहीतरी खाऊन जा. जी येण्याआधी पाय आणि पोट घट्ट आवळ, नंतर नाही. पॅराशूटचे पट्टे स्वतः तपास. खिशातलं पेन, नाणी, फोन सगळं खाली ठेवून जा; उलट्या विमानात सुटलेलं पेन पेडलखाली जाऊन अडकू शकतं.

तुझी,
आई