‘डॉक्टर हू’च्या चाहत्यांचेही ऐका

महोदय,

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेचे जुने चाहते नव्या भागांवर नाराज झाले, की ‘हे जुन्यातच रमलेले’ म्हणून त्यांना मोडीत काढले जाते. हे मला अन्यायाचे वाटते. १९६३ साली सुरू झालेल्या या मालिकेचे त्या दशकातले कित्येक भाग खुद्द बीबीसीने पुसून टाकले. त्यांचा निदान आवाज आज ऐकता येतो, तो घरच्या टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या चाहत्यांमुळेच. त्याच ध्वनिमुद्रणांच्या आधारे पुढे काही हरवलेले भाग अ‍ॅनिमेशनच्या रूपात पुन्हा उभे राहिले. १९८९मध्ये मालिका थांबली. २००५मध्ये ती परत आणणारे रसेल टी. डेव्हिस हेही लहानपणापासूनचे चाहतेच. अशा लोकांनी कथा सैल झाली, शेवट घाईत उरकला असे म्हटले, तर निर्मात्यांनी ते ऐकून घ्यावे.

मात्र २०१७मध्ये मालिकेचा नायक असलेल्या ‘डॉक्टर’च्या भूमिकेसाठी अभिनेत्री जोडी व्हिटाकर यांची निवड जाहीर होताच ‘डॉक्टर बाई कशी?’ म्हणून काहींनी जो गदारोळ केला, तो मला मुळीच पटला नाही. १९६६मध्ये या भूमिकेत विल्यम हार्टनेल यांच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन आले, तेव्हापासून डॉक्टरचा चेहरा आणि स्वभाव बदलत राहणे हाच या मालिकेचा प्राण आहे. व्हिटाकर यांच्या वाट्याला आलेल्या काही कथा मलाही फिक्या वाटल्या. पण तो दोष लेखनाचा, त्यांचा नव्हे.

– एक प्रेक्षक