आशाकाकींना दारातून परत पाठवू नका

शेफील्ड, मंगळवार

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. खोकला गेला. जेवण वेळेवर होतं. इथेही पाऊस आहे, पण आपल्या खानापूरच्या पावसापुढे हा नुसता शिडकावा. या पत्राचा फोटो काढून दादाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते. दादा, आईला सावकाश वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

छोटीच्या बाळाचं बारसं व्हिडिओवर बघितलं. कानात नाव सांगताना नेमकं नेटवर्क गेलं, ते मी नंतर दादाला विचारून घेतलं. छोटी फार वाळलेली दिसली ग आई.

दादा म्हणाला, चौदाव्या दिवशी आपल्या गावच्या आशा कार्यकर्त्या, आशाकाकी, बाळाला तपासायला आल्या, तर तू त्यांना दारातूनच परत पाठवलंस. "वजन केलं की दृष्ट लागते, आणि आमची मोठी विलायतेत नर्स आहे, ती फोनवर सगळं सांगते." आई, ते ऐकल्यापासून मला घास गोड लागेना. मी फोनवर काय बघणार? बाळाचे तळपाय पिवळे पडलेत का, श्वास मिनिटाला साठाच्या वर जातो का, छाती आत ओढली जाते का, हे जवळ बसून, कपडे बाजूला सारून बघायचं असतं. मी इथून, जवळपास आठ हजार किलोमीटरवरून, नुसती "रडतंय का, पितंय का" विचारते.

बाबा, तुम्ही विचारता ना, मी परक्यांच्या घरी एकटी जाऊन करते काय? तेच करते, जे आशाकाकी करतात. बाळ दहा ते चौदा दिवसांचं झालं की मी त्या घरी जाते. मग सहा-आठ आठवड्यांनी, वर्षानं, दोन-अडीच वर्षांनी. जिथे आई अगदी कोवळ्या वयाची आहे, नवरा मारतो, नाहीतर जवळ कुणीच नाही, तिथे जास्त वेळा. आणि काळजी करू नका. कुठल्या घरी किती वाजता जाते ते ऑफिसात नोंदवून जाते, घराबद्दल शंका असली तर दोघी मिळून जातो. दुसऱ्याच्या घरची सोयर घरोघर फिरवते असं आत्या म्हणाली म्हणे. तिला सांगा, हात धुतल्याशिवाय मी बाळाला हात लावत नाही.

इथली एक रीत मात्र मला वर्षभर कळली नाही. बाळाला पहिल्या दिवसापासून वेगळ्या पाळण्यात झोपवतात. पाळणा आईच्याच खोलीत, सहा महिने तरी. पण त्यात उशी नाही, गोधडी नाही, टोपडं नाही, नुसती ताठ गादी. बाळ उताणंच, तेही पाळण्याच्या पायथ्याशी सरकवून, म्हणजे पांघरुणात खाली घसरायला जागा नको. वर खोलीत अंड्याच्या आकाराचा दिवा, थंडी-उकाड्याप्रमाणे रंग बदलणारा. खोली सोळा ते वीस अंशांत हवी, त्यावर गेली तर खिडकी उघडतात! पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. मग कारण समजलं. पूर्वी इथे पालथी निजवलेली धडधाकट बाळं झोपेतच जायची. १९९१ साली सरकारनं घरोघर सांगितलं, बाळ उताणं निजवा, आणि ते मरण झपाट्यानं कमी झालं. तुम्ही खिडक्या उघडू नका हं. आपलं बाळ दोन किलो शंभरचं, त्याला ऊबच हवी. टोपडं घालून छोटीच्या उघड्या छातीशी धरा. फक्त शेगडीची धुरी खोलीत नको, आणि सहाणेवर उगाळलेलं काहीही नको. सहा महिने अंगावरचं दूधच.

वजनाचं सांगते. पहिल्या दिवसांत बाळ थोडं उतरतंच, मग दोन आठवड्यांच्या आसपास भरून येतं. भरून आलं नाही तर दूध कमी पडतंय, हे रडण्याआधी काटा सांगतो. आशाकाकी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, ते उगीच नाही. आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना शिकवून घरोघर पाठवलं, तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ साली जगानं ते वाचलं. या सहा फेऱ्यांचे आशाकाकींना अडीचशे रुपये मिळतात. आणि त्यांना आपण उंबऱ्याबाहेर ठेवायचं?

छोटीचं तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्यांचं कार्ड, कानडीत आहे, तिला ते वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. काकी वाचून सांगतील. परवा मी एका अरबी बोलणाऱ्या मुलीकडे गेले होते. बाळाच्या वजनाच्या आणि तपासण्यांच्या नोंदींची लाल वही तिनं कपाटात ठेवून दिलेली, आपली भाषा नाही म्हणून. दुभाषी फोनवर घेऊन मी पानापानाचा अर्थ सांगितला. मग आईला विचारायच्या दहा प्रश्नांचा कागद काढला: हसू येतं का, उगाच भीती वाटते का. ती खूप वेळ रडली. मी नुसती बसले. आई, छोटीला तसं कुणी विचारलंय का? रडली की दूध आटतं म्हणून तिला गप्प करू नकोस. रडू दे, जवळ बस.

मी तिथे असायला हवी होते. मला कळतं.

बाबा, पस्तीस हजार पाठवलेत. आधी कौलं परतून घ्या, उरले तर सोसायटीचा हप्ता. तुमचं मोतीबिंदूचं काम दिवाळीपुढे ढकलू नका, त्याचे वेगळे पाठवते. दिवाळीला येणं जमत नाही, रजा डिसेंबरात आहे. निपाणीच्या स्थळाला नाही म्हणू नका, डिसेंबरात भेटते एवढं सांगा. पण लग्नानंतर नोकरी सोडायची अट असेल तर आत्ताच कळवा, उगाच त्यांचाही वेळ नको. आई, रागावू नकोस.

येत्या गुरुवारी एकविसावा दिवस. काकींना आत बोलवा, चहा द्या. दादा, वजनाचा आकडा लगेच कळव. तुमचे सकाळचे दहा म्हणजे इथले साडेपाच, पण मी उठलेली असेन.

तुमची,
मोठी