ताई, तुमचे जाहीर आभार

प्रिय ताई,

नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. डिचोलीच्या आमच्या वाचनालयात मलेरियावर बोलायला तुम्ही सुट्टीच्या दिवशी पणजीहून आलात, मानधनाचं पाकीट न उघडता परत केलंत. त्याबद्दल आभार आहेतच, पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे.

शास्त्रज्ञ रूथ नुसेनझ्वाइग यांनी 1967 साली क्ष-किरणांनी दुबळे केलेले मलेरियाचे परजीवी उंदरांना टोचले आणि पुढे धडधाकट परजीवी टोचूनही बरेच उंदीर वाचले, इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात नववीतल्या मुलीने विचारलं, "पण उंदरांच्या अंगातल्या कशाने वाचवलं, हे कळलं कसं?" तुम्ही खडू खाली ठेवलात. प्रश्न पुन्हा तिच्याच तोंडून सगळ्यांना ऐकवलात. मग 1980 चा प्रयोग सांगितलात: कधीच लस न टोचलेले उंदीर, त्यांना बाहेरून दिलेली एकाच प्रकारची अँटिबॉडी (जंतूला चिकटून त्याला अडवणारं प्रथिन), आणि त्यानंतर डासातून काढलेले परजीवी. उंदीर वाचले. म्हणजे निदान एवढं तरी एकट्या अँटिबॉडीने करून दाखवलं. मात्र परजीवी यकृतातून रक्तात उतरले की त्यांचं आवरण बदलतं, म्हणून ती निरुपयोगी. "गाडी तीच, नंबरपाटी बदललेली," हे तुमचं वाक्य अजून इथे फिरतंय.

उंदरांत जमलं ते माणसांत लगेच जमत नाही, हेही तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत. त्या प्रयोगानंतर जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियाच्या पहिल्या लशीची शिफारस करायला 2021 उजाडलं. (टाळ्या इथे पडल्या नाहीत. पडायला हव्या होत्या.)

आमच्या ठेकेदार मित्राचा सवाल अपेक्षितच होता: पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटची मलेरियाची लस बनते, मग माझ्या कामगारांना का नाही? ती फाल्सिपेरम या मलेरियाच्या एका परजीवीवरची आणि मुख्यतः आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी, व्हायवॅक्स या दुसऱ्या परजीवीचं आवरण निराळं, शिवाय तो यकृतात दडून बसतो, हे तुम्ही भाजीपाव थंड होईस्तोवर समजावलंत. कामगारांची रक्ततपासणी आणि साइटवरच्या उघड्या टाक्या, या दोन गोष्टी त्याच्याकडून कबूल करून घेतल्यात. टाक्यांवर झाकणं आलीत. मी बघून आलो.

त्या मुलीचा पुढचा प्रश्न सोबत पाठवतोय: बाहेरून दिलेली अँटिबॉडी उंदराच्या अंगात किती दिवस टिकते? सवडीने कळवा, पण उत्तर तिच्या नावाने पाठवा.

आपला,
वाचनालयाचा कार्यवाह