मामांची शैक्षणिक अर्हता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात एका शाळेतल्या 'दप्तराविना शनिवार'ची बातमी वाचली. सोबत छायाचित्र होतं. एक म्हातारा कारागीर दुरडी हातात धरून उभा, भोवती गणवेशातली पोरं, मागे फलक. बातमीत मुख्याध्यापकांचं नाव होतं, प्रमुख पाहुण्यांचं होतं, आभार मानणाऱ्या गुरुजींचंही होतं. दुरडीवाल्याचा उल्लेख मात्र 'स्थानिक कारागीर' एवढाच. गेलं दीड वर्ष मी अशाच एका स्थानिक कारागिराचा विद्यार्थी आहे, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त पोस्टमास्तर. आमच्या गावात जिल्हा परिषद शाळेची एक जुनी खोली रिकामी पडली होती. गावातल्या चार जणांनी ती झाडून घेतली आणि दर रविवारी तिथं शाळा भरू लागली. शिकवायला तिघं आहेत. बांबूकामाचे मामा (बुरुड समाजाचे, सत्तरी ओलांडलेली), वाकळ (जुन्या कपड्यांची गोधडी) शिवायला शिकवणाऱ्या मावशी आणि हलगीवाले एक तात्या. विद्यार्थी पाचवीच्या पोरांपासून माझ्यापर्यंत.

पहिले तीन महिने मामांनी मला काहीही विणू दिलं नाही. नुसता बांबू फोडायचा. टोकाला कोयत्यानं चीर द्यायची आणि मग हातानं फाट पुढं न्यायची. ऐकायला सोपं वाटतं. पण फाट मधोमध राहत नाही, एका बाजूला सरकते आणि वीतभर पुढं जाऊन तिथली पट्टी निमुळती होत तुटते. मी जोर लावायचो. मामा तंबाखू मळता मळता म्हणायचे, "कामून इतकं रेटायलाव मास्तर?" फाट पातळ बाजूकडं पळाली की जाड बाजू जास्त वाकवायची, म्हणजे ती आपोआप मधे येते. हे वाक्य मी तुम्हाला एका ओळीत लिहून दिलं. हाताला कळायला मला अकरा रविवार लागले. त्या शनिवारच्या पोरांना पाऊण तास मिळाला होता, त्यात पाहुण्यांचं भाषण.

फोडायच्या आधीचं वेगळंच. एका पावसाळ्याचा कोवळा बांबू वाळला की आक्रसतो, विण ढिली पडते. तीन-चार वर्षांचा पाहिजे. पावसाळा सरल्यावर, तोही अंधाऱ्या पक्षात तोडलेला. त्याला भुंगा कमी लागतो असं मामा सांगतात. अंधाऱ्या पक्षाचं मला ठाऊक नाही, पण हिवाळ्यात बांबूतला पिठूळ अंश कमी होतो आणि भुंग्याचं खाद्य तोच, हे शास्त्रही मानतं. हिरवी पाठ चिवट, आतला गाभा ठिसूळ. सुपाला कुठली पट्टी, दुरडीच्या बुडाला कुठली, हे बोटानं चाचपून ठरतं. आमच्याकडं 1993च्या भूकंपानंतर कितीतरी गावं नव्या जागी सिमेंटच्या घरांत गेली आणि धान्याच्या कणगीला घरात कोपराच उरला नाही. मामांनी शेवटची कणगी कधी विणली ते त्यांनाही आठवत नाही. आता मागणी लग्नातल्या आणि महालक्ष्म्यांच्या सुपांना, बाकी सगळं प्लास्टिक.

मावशींचा वर्ग याहून गलबल्याचा. त्यांची अडचण मला आधी कधी सुचलीच नसती. वाकळीला जुनं सुती लुगडं लागतं आणि आता घरोघरी निघणाऱ्या जुन्या साड्या पॉलिस्टरच्या. थर एकावर एक ठेवले की सरकतात, धावदोरा ओढला की चुण्या पडतात, आणि उन्हाळ्यात अंगाखाली घेतली तर घाम टिपत नाही. मावशी अशा साडीला हातसुद्धा लावत नाहीत.

एक गोष्ट लिहावी की नाही असं वाटत होतं, पण लिहितो. सहावीतल्या एका मुलीचा हात बांबूवर आमच्या सगळ्यांत चांगला आहे. तिची आई एकदा दारात येऊन म्हणाली, "आमच्या पोरीनं सुपं विणायची का?" प्रश्नाचा रोख सगळ्यांना कळला, मामांनाही. ते खाली मान घालून पट्टी तासत राहिले. ती मुलगी आता घरी 'वाकळ शिकायला जाते' असं सांगून येते आणि मामांशेजारी बसते. दुसऱ्या बाजूला मामांचा नातू पुण्यात नोकरी करतो आणि या धंद्याचं नाव काढलेलं त्याला आवडत नाही. मला त्याचा राग येत नाही. ज्या कामानं आजोबांना गावात खुर्ची मिळाली नाही, ते त्यानं का शिकावं?

या खुर्चीबद्दलच माझं म्हणणं आहे. तिघांना थोडं मानधन मिळावं म्हणून आम्ही एका कार्यालयात अर्ज केला. नमुन्यात रकाना होता : शिक्षकाची शैक्षणिक अर्हता. मामा दुसरी शिकलेले, मावशी शाळेत गेलेल्याच नाहीत. टेबलावरचे साहेब तसे सज्जन होते. म्हणाले, "किमान दहावीचं काहीतरी जोडा, नाहीतर कॉम्प्युटर घेत नाही." अर्ज अजून तिथंच आहे. मामांना सांगितलं तर ते इतके हसले की ठसका लागला.

वास्तविक 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, आणि त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली काम शिकावं असं म्हटलं आहे. हाताखाली! शाळांनी त्याचं प्रात्यक्षिक करून टाकलं. 2023मध्ये आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत टोपल्या विणणारेही आहेत. मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं, दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत. चांगलंच आहे. पण ती योजना मुळात धंद्यात असलेल्यांसाठी. पोस्टातून निवृत्त झालेल्या किंवा सहावीत शिकणाऱ्या माणसाला शिकायचं असेल तर त्यानं मामांकडंच यावं लागणार, आणि मामांनी किती दिवस फुकट शिकवायचं?

आपल्याच मराठवाड्यात पैठणला मागावर बसलेल्या माणसांकडं पाहावं. पैठणीच्या पदरावरची मोर-पोपटांची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. ते कसब शिबिरात येत नाही, वर्षानुवर्षं जाणत्याशेजारी बसून येतं. सुती ताण्यावर रेशीम खेळवणाऱ्या हिमरूला तसं शेजारी बसणारं कुणी मिळालं नाही, आणि आज छत्रपती संभाजीनगरात तो हातमागावर विणणारे शोधावे लागतात.

आमची मागणी फार मोठी नाही. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर प्राध्यापक नेमता, तसं कारागिरांना नेमा. अर्हतेच्या रकान्यात त्यांच्या हातची वस्तू ठेवा. मामांचं सूप टेबलावर ठेवून त्यात ज्वारी पाखडून बघा. दहा दिवस एकाच शाळेत, एकाच कारागिराकडं सलग द्या. आणि आपणही, संपादक महोदय, पुढच्या वेळी छायाचित्राखाली त्या माणसाचं नाव छापा.

माझ्या तिसऱ्या सुपाला मामांनी परवा हातात घेऊन उजेडाकडं धरलं आणि "मुरमुऱ्याला चालंल" म्हणाले. दुसरं त्यांनी चुलीत घातलं होतं.

जाता जाता एक विनंती. वाचकांपैकी कुणाच्या घरी आजीची सुती लुगडी, धोतरं ट्रंकेत पडून असतील तर मावशींसाठी पाठवावीत. फाटकी चालतील. पॉलिस्टर नको.

आपला,
एक निवृत्त पोस्टमास्तर, ता. औसा, जि. लातूर
(नाव व पत्ता संपादकांजवळ)